धाकटीचा मोठा फोटो

सोमवार, ४ नोव्हेंबर

आलो एकदाचा! गाडी वेळेवर पोचली, सामान फुटलं नाही, आणि घरमालकीणबाईंनी दार उघडल्याबरोबर आधी पाणी दिलं, नियम मागून सांगितले. माणसं पारखायची माझी हीच रीत आहे. आधी नियम सांगणाऱ्याच्या घरी मी बॅग खाली ठेवत नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. एक पलंग, एक टेबल आणि एक कपाट, ज्याचं दार लावायला गुडघा द्यावा लागतो. खाली बाईंचं घर आणि त्यांचं शिवणकाम. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मोठं टेबल, कापडाच्या चिंध्या. दिवसभर मशीनचा आवाज वर येतो आणि मला तो आवडला. घरात कोणी राबत असलं की आपल्यालाही लोळायची लाज वाटते. बाई पन्नाशीकडे झुकलेल्या, सडसडीत, ओठांत टाचण्या धरून बोलतात आणि तरी एक शब्द तुटत नाही. सगळी गल्ली त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात. नाव विचारायच्या आधीच म्हणायला लागल्या.

आईला फोन करून सांगितलं की सगळं झकास आहे. ती म्हणाली, सगळं झकास असलं की तू घोळ घालतोस, जपून राहा. आई म्हणजे आई.

बुधवार, ६ नोव्हेंबर

स्टुडिओ हमरस्त्यावर, औषधांच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मधे चेपून बसलेला. मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांचे स्वतःचे काकाही त्यांना काकाच म्हणत असावेत, अशी एकूण चेहरेपट्टी.

फोटो काढायचं काम त्यांचं. तो नेटवर टाकण्याजोगा करायचं काम माझं. कॅमेऱ्यातून फोटो येतो तो म्हशीएवढा, आणि नेटवरची पानं मागतात उंदीर. तेव्हा आधी कडेचा पसारा कापायचा, मग लांबी-रुंदीचं प्रमाण न मोडता लहान करायचं, लहान केल्यावर जरा मऊ पडतो म्हणून थोडी धार द्यायची, आणि वजन उतरवायचं, म्हणजे उघडताना लोक ताटकळत नाहीत. माझ्या आधीच्या माणसाला प्रमाण कशाशी खातात ते माहीत नव्हतं. त्याने एका शाळेच्या हेडमास्तरांना चौकटीत बसवायला आडवं ताणलं. शाळेच्या पानावर ते अजून तसेच पसरलेले आहेत, आणि खाली पालकांनी तब्येत सुधारल्याबद्दल अभिनंदन केलंय.

काकांचा नियम एकच. मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी प्रत काढायची आणि जे काय कापणं-छाटणं ते त्या प्रतीवर करायचं. लहान केलेला फोटो परत मोठा होत नाही, म्हणाले, गेलं ते गेलं. मी मान डोलावली. मला कोणी शिकवायला लागलं की मी फार छान मान डोलावतो.

रविवार, १० नोव्हेंबर

ताईंनी आज चहाला खाली बोलावलं. इकडचं तिकडचं झाल्यावर धाकटीचा विषय निघाला. धाकटी म्हणजे त्यांची बहीण. दोघींनी लग्न केलं नाही, दोघी याच घरात राहिल्या, एक कापायची आणि एक शिवायची. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि धाकटी गेली. ताई हे सांगताना काज करत होत्या. हात थांबला नाही, पण दोरा तिथल्या तिथेच फिरत राहिला.

धाकटीला फोटोचा भारी तिटकारा. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची. ताईंकडे तिचे फोटो म्हणजे नुसत्या पाठी आणि वेण्या. अपवाद एकाच सहलीचा. दोघी तळ्यावर गेल्या होत्या, ताई काहीतरी वेडंवाकडं बोलल्या आणि धाकटी हसत वळली, तेवढ्यात ताईंनी बटण दाबलं. समोरून घेतलेला असा तो एकच फोटो. कॅमेऱ्याचं कार्ड त्यांनी डब्यातून काढून माझ्या हातावर ठेवलं. नातलग चार दिशांना पांगलेत, सगळ्यांचं मिळून नेटवर एक पान आहे, त्यावर हे फोटो टाकून द्याल का म्हणून विचारत होत्या.

तिथेच ताईंच्या कॅमेऱ्यात तो फोटो पाहिला. डाव्या भुवईत एक खाच आहे, तिथे केस उगवलेच नाहीत. लहानपणी ताईंच्या हातची कात्री लागली होती. ताई म्हणाल्या, डोळा वाचला, पण ती खाच मी जन्मभर रोज पाहिली. पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला, हसताना एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक होतो. देखणी नव्हे, पण बघत राहावं असा चेहरा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

फोटो टाकले. दुपारी जेवणाच्या सुट्टीतच उरकलं. आमच्याकडे सगळे फोटो एका दमात लहान करायची सोय आहे. तळ्याचे, झाडांचे, पाठीचे, वेण्यांचे, आणि तो एक. कॉम्प्युटरने विचारलं, आहेत त्यांवरच जतन करू का, मी हो म्हटलं. दोन-दोन प्रती ठेवून पसारा कशाला? ताईंचं कार्डही पुसून स्टुडिओच्या कार्डांत ठेवून दिलं, त्यांना कोरं करकरीत परत देऊ म्हणून.

नातलग हेलावून गेले. कोणी मावशी लिहिते, अगदी समोर येऊन उभी राहिली गं! ताईंनी मला तो शेरा चारदा वाचायला लावला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ताईंना तो फोटो मोठा करून हवाय. मशीनच्या समोरच्या भिंतीवर, दाराएवढा. म्हणाल्या, मान वर केली की ती दिसली पाहिजे, पूर्वी दिसायची तशी.

स्टुडिओत जाऊन फोटो उघडला. टपाल तिकिटाएवढा. मोठा करून पाहिला तर नुसते चौकोन. मूळ फोटो शोधला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मूळ फोटो म्हणजे हाच. मी त्यावरच जतन केला होता. कार्ड शोधलं, तर काकांनी ते परवाच एका दुकानाच्या उद्घाटनाला नेलं होतं. त्यावर आता फीत कापणाऱ्या माणसांची गर्दी आहे. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. फीत कापणारी माणसंच परत आली.

दुकानाच्या कामात मी नियम एकदाही मोडला नव्हता. घरचं काम म्हणून घाईत केलं. एका बाईला तिच्या बहिणीचा एकच चेहरा उरला होता, तो मी पसारा नको म्हणून पुसला.

संध्याकाळी ताईंनी विचारलं, होईल ना? मी म्हटलं, होईल की. झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

लहान फोटो मोठा करून देणारी एक सोय नेटवर मिळाली. जे दिसत नाही ते ती स्वतःच्या मनाने भरते. चेहरे लाखो पाहिलेत तिने, त्यातलं थोडं थोडं घेऊन लावते. पी हळद आणि हो गोरी. खांद्यापर्यंतचा भाग कापून दिला. पहिल्यांदा आली ती कोणी भलतीच. दुसऱ्यांदा तिसरीच. आठ-दहा बायका झाल्या. त्यांतली जी सगळ्यांत बरी वाटली ती ठेवली. भुवया अखंड. दात मोत्यासारखे. दोन्ही डोळे सारखे. कातडीवर एक छिद्र नाही.

भुवईत खाच करून पाहिली, पण ती खोडरबराने खोडल्यासारखी दिसायला लागली, म्हणून काढून टाकली. काका मागून डोकावले आणि कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक.

सोमवार, २५ नोव्हेंबर

फोटो लावला. ताई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. म्हणाल्या, हिची भुवई... आणि थांबल्या. मी पटकन सांगितलं की मोठा करताना उजेड जरा बदलतो. माझा आवाज मलाच परका वाटला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. मग म्हणाल्या, हो, हीच. हीच माझी धाकटी. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तो हात फिरत असताना सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

ताई आता काम करता करता तिच्याशी बोलतात. त्याचं मला काही वाटत नाही, माणसं बोलतात. पण आज मला म्हणाल्या, धाकटीचे दात काय सरळ होते नाही, लहानपणी सगळे कौतुक करायचे! मी विचारलं, आणि ती भुवईची कात्री? त्या हसल्याच. म्हणाल्या, कसली कात्री? धाकटीच्या अंगाला मी कधी नख लावलं नाही. इतकं मोकळं हसू त्यांच्या तोंडावर मी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

वर येऊन नातलगांचं पान उघडलं. तिथला लहान फोटो मी स्वतः टाकलेला. त्यातही आता अखंड भुवया आहेत. सरळ दात आहेत. त्या मावशीने खाली नव्याने लिहिलंय, अगदी अशीच होती गं.

काकांना आडून विचारलं. ते धाकटीला ओळखत होते, कपडे शिवून घ्यायचे तिच्याकडून. म्हणाले, देखणी बाई, मोत्यासारखे दात. म्हणजे खरी धाकटी आता फक्त मला माहीत आहे, आणि मी तर तिला कधी भेटलोही नाही.

रविवार, १ डिसेंबर

काल एका शाळेच्या सहलीचे फोटो आले. मुलांच्या रांगेच्या टोकाला एक बाई, चौकटीत अर्धीच आलेली. चेहऱ्याच्या जागी चौकोन. लहान फोटो ताणल्यावर दिसतात तसे. कॅमेऱ्याची चूक म्हणून तेवढी कड कापली.

पुढच्या फोटोत ती मुलांच्या मागे होती. मग एका दुकानाच्या फोटोत, वजनकाट्याशेजारी. मग एका बाळाच्या फोटोत, पाळण्याच्या मागे वाकलेली. प्रत्येक फोटोत ती जरा आत सरकलेली. प्रत्येक फोटोतून मी तिला कापली. कडा कापणं हे माझं कामच आहे, असं मनाशी म्हणत होतो. बाळाच्या फोटोत तिला कापताना बाळाचा हात कापला गेला. त्या बाळाची आई नंतर येऊन कुरकुरली. काका मला म्हणाले, तुला हल्ली झालंय काय?

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! असं लिहितोय खरा, पण तिची वेणी मी ओळखली.

मंगळवार, ३ डिसेंबर

ती आता फोटोत नाही. सगळ्या फोटोंतून कापल्यावर कुठे जाणार?

घराच्या दारात उभी आहे. भर दुपारी, उन्हात. पायरीच्या खाली, आत यायची कोणी परवानगी द्यावी म्हणून थांबल्यासारखी. माणसापेक्षा जरा लहान. चेहरा चौकोनांचा, पण मान तिरपी करून ती दारातून आतल्या भिंतीकडे बघत होती हे कळत होतं. भिंतीवर तो फोटो आहे.

मी तिच्या अंगाला न लागता आत आलो. क्षमा मागायची होती. तोंडातून आलं ते, जरा बाजूला व्हा.

गुरुवार, ५ डिसेंबर

जेवायला घरी आलो तर पुढच्या खोलीत दोन कप चहा. टेबलापलीकडे एक बाई बसलेली. मीच केलेली. ओळखायला क्षणही लागला नाही. कानापाशी केस कुठे संपतात आणि कान कुठे सुरू होतो ते कळत नाही, तसंच ठेवलं होतं मी, घाईत. हसते. हसू बदलत नाही. खांद्याखाली बघायला गेलं की नजर घसरते, काही पकडता येत नाही.

ताई तिच्यासाठी कपडे शिवताहेत. टेप घेऊन माप घेत होत्या. म्हणाल्या, बघा ना भाऊ, काय झालंय, टेप गुंडाळते आणि माप लागतच नाही, नुसती टेप हातात राहते. आणि हसल्या. आनंदात आहेत. मी आल्यापासून इतक्या आनंदात कधीच नव्हत्या. आता कोणत्या तोंडाने सांगू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बाहेर पायरीखाली दुसरी उभीच होती. कालच्यापेक्षा लहान.

शुक्रवार, ६ डिसेंबर

ताईंनी विचारलं, ती कोण बाई रोज दारात उभी असते? बघवत नाही तिच्याकडे. धाकटी घाबरते. हाकलून द्या ना, भाऊ.

मी गेलो. तिला म्हटलं, जा. ती जाईना. मग ताईच आल्या, झाडू घेऊन. मी अडवायला हवं होतं. मी झाडूला वाट दिली. ताईंनी तिला पायरीवरून खाली ढकललं आणि म्हणाल्या, पुन्हा या दारात दिसलीस तर याद राख.

ती रडली की नाही ते कळलं नाही. चौकोनांमधून कळत नाही. पण तिने दोन्ही हात पुढे केले होते. ताईंकडे. लहान मूल कडेवर घ्या म्हणून करतं तसे.

शनिवार, ७ डिसेंबर

ताईंचं म्हणणं, तिचा फोटो काढा आणि गल्लीच्या पानावर टाका, लोकांनी सावध राहावं म्हणून. स्टुडिओचा कॅमेरा आणला. ती समोरच्या भिंतीला टेकून होती. कॅमेरा पाहूनही तोंड फिरवलं नाही तिने. सरळ माझ्याकडे पाहिलं.

फोटो स्वच्छ आला. चौकोन नाहीत. डाव्या भुवईत खाच, दातावर दात, एक डोळा बारीक. धाकटी! पूर्ण, मूळ, मोठी. मी रस्त्यातच बसून रडलो. परत मिळाली. पुसलं ते परत मिळालं. नुसतं घरात जाऊन ताईंना दाखवायचं होतं.

पण ताई मागेच उभ्या होत्या, लवकर टाका म्हणून. मूळ फोटो त्यांनी पाहिला नाही, चष्मा आत होता. आणि दाखवायचा म्हणजे सगळं सांगायचं. मी म्हटलं, उद्या. उद्या नीट बसून सांगतो. आज टाकून मोकळा होतो.

प्रत काढली. या वेळी आठवणीने प्रत काढली. कड कापली. लहान केला. धार दिली. टाकला. खाली लिहिलं, ही बाई दिसल्यास दारात उभी करू नका.

तासाभरात गल्ली जमली. भले लोक आहेत, ताईंसाठी आले. काठ्या होत्या. ती पळाली नाही, चालत गेली, वळून वळून बघत. कोपऱ्यावर दिसत होती ती बाहुलीएवढी.

सोमवार, ९ डिसेंबर

आज सांगितलं. सगळं. मूळ फोटो दाराएवढा छापून नेला, भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला, आणि सगळं बोललो. लहान केला ते, त्यावरच जतन केला ते, कार्ड पुसलं ते, नेटवरून चेहरा आणला ते. टेबलापलीकडची हसत होती.

ताईंनी चष्मा लावला. मला वाटलं होतं शिव्या देतील. त्या फोटोजवळ आल्या. भुवईच्या खाचेवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. मग त्या इतक्या हळू बोलल्या की मशीन चालू असतं तर ऐकू आलं नसतं.

म्हणाल्या, हिला मी झाडूने हाकललं?

मी फोटो भिंतीला टेकवून ठेवला.

म्हणाल्या, ती हात पुढे करत होती भाऊ, मी तिला ढकललं.

आणि तशाच अनवाणी बाहेर गेल्या. टेप गळ्यातच होती. मी मागे धावलो. कोपऱ्यावर पोचलो तर रस्ता रिकामा. दोन्हीकडे रिकामा.

बुधवार

ताई आल्या नाहीत.

सगळ्या गल्ल्या पाहिल्या. तळ्यापर्यंत जाऊन आलो. काकांना विचारलं, त्यांनी विचारलं, कोण ताई? मग म्हणाले, हां, त्या दोघी बहिणी, फार देखण्या.

दोघी.

आधीच सांगितलं असतं तर. त्या दिवशी डोक्यावर हात फिरवला तेव्हा. तेव्हा बहिणीचा चेहरा त्यांच्या मनात होता. मी फोटोच पुसला होता फक्त. फोटो गेला म्हणून रडल्या असत्या, आणि चेहरा राहिला असता. सांगितलं ते उशिरा, आणि माझं मन हलकं करायला. ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवून —

आईला फोन लावला. ती म्हणाली, आवाज असा का येतोय. काही नाही म्हटलं. अजूनही काही नाहीच म्हणतोय मी.

गुरुवार?

खाली मशीन चालू आहे.

ताई नाहीत. मशीन चालू आहे. थांबतं. परत चालू होतं. मधे मधे माझ्या नावाने — नाही, भाऊ म्हणून — हाक येते. ताईंचा आवाज. ताई नव्हेत.

छापलेला मूळ फोटो वर आणून ठेवलाय. धाकटी माझ्याकडे बघते. उलटा करून ठेवला. मग वाटलं, आता मीही तिला तोंड भिंतीकडे करून — परत सरळ केला. बघू दे. बघायलाच हवं तिने माझ्याकडे.

—

मशीन थांबलं.

जिन्यावर सळसळ. कोऱ्या कापडाची. पावलं वाजत नाहीत. वाजणार कुठून, मी खांद्यापर्यंतच कापून दिली होती.

दाराला कडी आहे. लावायला उठलो. हात कडीवर ठेवला आणि — नाही लावता येत. एकीला माझ्यामुळे दारातून हाकललं. दुसरी तिला शोधत गेली. आता हिलाही हाकलू? हिने काय केलं? हिला कोणी विचारलं होतं का, यायचंय का म्हणून. मला गरज होती. मी लाज झाकायला हिला —

दारात आहे. ताईंनी शिवलेला ड्रेस, आत काही नाही, वर ते हसू. हसू बदलत नाही, पण डोळ्यांतून पाणी येतंय. डोळ्यांत पाणी मी घातलं नव्हतं.

विचारते आहे. ताई गेली. सगळे म्हणतात मी धाकटी, आणि मी ती नाही. भाऊ, मग मी कोणाची?

उत्तर एकच आहे. या वेळी उशीर करायचा नाही. सांगतो तिला. तू माझी, मीच तुला केली.